पोळ्याच्या दिवशी बैलगाडी

अकोल्यात शेतकी कॉलेजच्या रस्त्यावर आमची खानावळ होती. आमची म्हणजे थोरल्या दिरांची. माझा नवरा टायफॉइडने गेला तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. पदरात एक मुलगी, शिक्षण चौथी पास. दिरांनी घरात ठेवून घेतलं, त्याबद्दल मी त्यांना कधी वाईट बोलले नाही. पण चूल मी पेटवायची, चाळीस पोरांच्या पोळ्या मी लाटायच्या, आणि भाजी कोणती करायची हे जाऊबाई ठरवायच्या. मिठाच्या डब्यालाही विचारून हात लावायचा. अशी नऊ वर्षं गेली.

साठ सालानंतर कॉलेजात परदेशची मुलं यायला लागली. आमच्याकडे त्यातली सहा जेवायला होती. दोघे केनियाचे, एक युगांडाचा, दोघे लंकेचे आणि एक फिजीचा. फिजी कुठे आहे हे मला माहीत नव्हतं, अजूनही नकाशात दाखवता येणार नाही. पण त्या मुलाचे आजे-पणजे इकडूनच गेलेले, त्यामुळे तो एक प्रकारची हिंदी बोलायचा. बाकीच्यांचं तो मला सांगायचा आणि माझं बाकीच्यांना. जाऊबाईंनी सुरुवातीला या सहा जणांची ताटं वेगळी ठेवली होती. आठ दिवसांनी मी ती धुतल्यावर सगळ्यांत मिसळून टाकली. मग कोणती कोणाची ते त्यांनाही ओळखता येईना.

खानावळ रविवारी बंद असे, कारण आमची पोरं शनिवारी आपापल्या खेड्यावर जायची. ही सहा कुठे जाणार? रविवारी ती होस्टेलच्या ओट्यावर बसून केळी आणि पाव खायची. हिवाळ्यातल्या एका रविवारी मी माहेरी जायला निघाले होते. ओट्यावरून फिजीच्या मुलाने विचारलं, "मौसी, किधर जाता?"

"माँ के गाँव."

तो बाकीच्यांशी काही बोलला, मग म्हणाला, "हम लोग भी चलें?"

नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. म्हणून हो म्हटलं.

माहेर मूर्तिजापूरच्या पलीकडे. अकोल्याहून मोठ्या गाडीने मूर्तिजापूरला उतरायचं, तिथून छोट्या गाडीने तिसरं स्टेशन, आणि पुढे दोन कोस कच्चा रस्ता. माझा दादा छकडा घेऊन आला होता. एका बहिणीसाठी आणलेल्या छकड्यात सात माणसं पाहून तो म्हणाला, "बाई, हे काय व? वऱ्हाड आणलं का?" आणि दोघांना खाली उतरवून स्वतःसोबत चालवत नेलं.

त्या दिवशी शेतात रोडगे केले. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकायची, फोडून तूप घालायचं, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. लंकेच्या एका मुलाने विस्तवात काय जळतंय ते विचारलं. कळल्यावर हातातला रोडगा खाली ठेवला.

दादा म्हणाला, "पुस त्याले, त्याच्या घरी कशावर रांधतात?"

"लाकडावर म्हणते," फिजीचा म्हणाला. वर्षभरात तोही अधूनमधून आमच्यासारखं बोलायला लागला होता.

"मंग? लाकूड झाडाचं, शेण गवताचं. इकडून तिकडून एकच. खाय म्हणा मुकाट्यानं."

केनियाचा एक मुलगा होता, सगळ्यांत उंच. त्याला हे समजावून सांगितल्यावर तो खूप हसला. त्याच्या घरी गुरंच गुरं होती, घराच्या भिंतीही शेणानेच सारवलेल्या. त्याने पाच रोडगे खाल्ले. मग उठून दादाच्या बैलांपाशी गेला, एकाचं तोंड उघडून दात पाहिले आणि चार बोटं दाखवली. चार वर्षांचा. बरोबर होतं. कॉलेजात शेतकी शिकायला येऊन वर्ष झालं होतं, पण तिथे बैलांना हात लावायला मजूर होते, मुलांना वहीत लिहून घ्यावं लागायचं. दादाला तो मुलगा तेव्हापासून आवडला. निघताना म्हणाला, "पोयाले ये. माया बैल तोरणाखाली तू धर." आमच्याकडे पोळ्याला आपला बैल दुसऱ्याच्या हाती देणं ही लहान गोष्ट नाही. ते त्याला फिजीच्या मुलाने समजावलं असावं, कारण त्याने दादाचा हात दोन्ही हातांनी धरला.

पुढच्या रविवारी सहाही जण आंघोळ करून आमच्या दारात उभे. असं दोन-तीनदा झाल्यावर मी माणशी दर ठरवला आणि धंदा सुरू केला. त्याला धंदा म्हणायला मला लाज वाटली नाही. जाऊबाईंना वाटली. "आमच्या घरी टुरिस्टचं हापिस निघालं," त्या शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणायच्या. "या मॅनेजरीणबाई, कणीक भिजवा आता." मी कणीक भिजवायचे. रविवारचं मात्र त्यांना विचारायचे नाही.

होस्टेलच्या सुपरिटेंडेंटनी मला बोलावून घेतलं. तुसडा माणूस, पण सरळ. ते म्हणाले, "बाई, ही परदेशची पोरं आहेत. पोलिसांत यांची नोंद असते. काही झालं तर मला जाब द्यावा लागतो. शुक्रवारी नावं लिहून द्यायची. रविवारी रात्री साडेआठच्या हजेरीला सगळी हजर पाहिजेत. एकदा उशीर झाला की सहल बंद. कारण मी ऐकणार नाही."

"ऐकू नका," मी म्हटलं.

कधी बाळापूरचा किल्ला, कधी कापसाचं जिनिंग, कधी नदीकाठी डबे घेऊन, आणि महिन्यातून एकदा माझ्या माहेरी. दोन हिवाळे आणि मधला उन्हाळा-पावसाळा असा गेला, एकदाही हजेरी चुकली नाही. त्यातला पोळा कामाच्या वारी आला, म्हणून बैल धरायचं मात्र राहून गेलं. आठवड्यातले सहा दिवस मी दुसऱ्याने सांगितलेलं करायचे. रविवारी मी सांगायचे आणि माणसं ऐकायची. मी म्हणेन त्या डब्यात चढायची, मी म्हणेन तिथे उतरायची. हे मला फार आवडायचं. ते गेलं असतं तर कोणाकडे परत मागता आलं नसतं, कारण ते कोणी दिलेलंच नव्हतं.

मग अमरावतीचं निघालं. तिथल्या एका होस्टेलात आठ परदेशी मुलं होती, आणि तिथल्या वॉर्डनची आमच्या सुपरिटेंडेंटशी ओळख. त्यांनी निरोप पाठवला की एकदा स्वतः मुलांना घेऊन येतो, व्यवस्था पाहतो, पटली तर एक रविवार सोडून एक रविवार आमची मुलं तुमच्याकडे. म्हणजे धंदा दुप्पट झाला असता. दोन खोल्या भाड्याने घेऊन मला वेगळी चूल मांडता आली असती. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती आणि जाऊबाई तिलाही भांड्यांना लावायला लागल्या होत्या.

कॅलेंडर पाहिलं तर त्या वर्षी पोळा रविवारी आला होता. यापेक्षा चांगलं काय दाखवणार? आमच्या गावचा पोळा मोठा. मी माझ्या हाताने दादाला कार्ड लिहिलं. "रविवारी पोळ्याला पाहुणे आणते. पंधरा माणसं आहेत. स्टेशनावर तीन बैलगाड्या पाठव. वहिनीला पुरण जास्त घालायला सांग."

ते कार्ड मी पुन्हा वाचलं, अक्षर नीट आहे का पाहिलं, पत्ता तपासला. त्यात काय चुकलंय ते मला दिसलं नाही. मी शेतकऱ्याची मुलगी. लहानपणापासून पोळा पाहिलेला. तरी दिसलं नाही.

रविवारी मूर्तिजापूरच्या स्टेशनात अमरावतीचे आठ जण आणि वॉर्डन भेटले. पन्नाशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. नमस्कार करून म्हणाले, "आज सगळं तुमच्या हाती, बाई." छोट्या गाडीत आम्ही सोळा जण एका डब्यात बसलो. समोर एक म्हातारा शेतकरी होता. बाजारातून बैलांसाठी घेतलेले गोंडे, बेगड आणि नवी वेसण त्याच्या मांडीवर. उशीर झाल्यामुळे तो चिडलेला होता.

"कुठं चाल्ल्या इतके लोक घेऊन?" त्याने मला विचारलं. मी गाव सांगितलं.

"दोन कोस हाये ना स्टेशनापासून."

"गाड्या येतीन. भावाले सांगून ठेवलं हाये."

"कायच्या गाड्या?"

"बैलगाड्या."

म्हातारा माझ्याकडे पाहत राहिला. मग शेजारच्याकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. "बाई," तो म्हणाला, "आज बैलाच्या मानेवर जू कोण ठेवीन व?"

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्याने शेकतात, त्यांना उद्या जेवायला या म्हणून आवतण देतात, आणि दुसऱ्या दिवशी राजा मागायला आला तरी कोणी बैल जुंपत नाही. वर्षातला त्यांचा तो एक दिवस. आणि बैलांचा सण दाखवायला पाहुणे आणताना मी ते बैलगाडीतून आणायचे ठरवले होते. म्हातारा आता खुशीत आला होता. डब्यातल्या एकेकाला सांगत होता, "हे बाई पोयाले गाडी जुपून राहिली."

स्टेशनावर उतरलो तेव्हा लिंबाखाली एकही गाडी नव्हती. आकाश भरलेलं पण पाऊस नव्हता. मी वॉर्डनना सरळ सांगितलं, "साहेब, चूक माझी आहे. आज बैल जुंपत नाहीत हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. दोन कोस चालावं लागेल. रस्ता चिखलाचा आहे."

ते म्हणाले, "माझ्याही नाही राहिलं. मीही शेतकऱ्याच्याच घरचा." आणि चालायला लागले.

काळ्या मातीचा चिखल ज्याने तुडवलाय त्यालाच कळेल. प्रत्येक पावलाला बुटाला एक थर लागतो, मग त्यावर दुसरा. दहा पावलांत पायाला वरवंटा बांधल्यासारखं होतं. मुलांनी बूट काढून गळ्यात अडकवले. वॉर्डननी अर्धा कोस दम काढला, मग एका शेताच्या धुऱ्यावर बसून त्यांनीही बूट काढले. पुढच्या नाल्यावर सगळा गाव बैल धूत होता. कोणी शिंगं घासत होतं, कोणी शेपटीचा गोंडा विंचरत होतं. दादाही कमरेइतक्या पाण्यात उभा होता. आम्हाला पाहून ओरडला, "आले का? मले वाटलं दहापर्यंत येसान."

"तू कार्ड वाचलं नाही का?" मी विचारलं.

"वाचलं ना. गाड्या सांगून ठेवल्या उद्यासाठी."

"उद्यासाठी?"

"मंग? पोयाच्या दिवशी गाड्या मागाले तू काय येडी हायेस? म्या म्हटलं, पाहुणे मुक्कामी असतीन, सकायी स्टेशनावर सोडून देऊ."

उंच केनियावाला तोवर पँट गुडघ्यावर सरकवून पाण्यात उतरला होता आणि दादाच्या बैलाची मान घासत होता. वॉर्डनही उतरले.

घरी पोचायला साडेबारा वाजले. वहिनीने पुरणाच्या पोळ्या, वड्या, कढी सगळं केलं होतं. मी जेवताना मनात वेळ मोजत होते. परतीची छोटी गाडी सव्वापाचला. ती चुकली तर दुसरी नाही, पावसाळ्यात यष्टीही गावापर्यंत यायची नाही. येताना अडीच तास लागले होते. म्हणजे अडीचला निघायलाच पाहिजे. पोळा भरतो तो चार-साडेचारला. बैल तोरणाखाली येतात, पूजा होते, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी म्हणतात, मग पोळा फुटतो आणि बैल घरोघर जातात. यातलं काहीच दिसणार नव्हतं.

सव्वादोनला मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "चला."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. दादा म्हणाला, "कुठं?"

"गाडी हाये. साडेआठची हजेरी हाये."

"पोया पायल्याशिवाय? लोक काय म्हणतीन व? एवढ्या दुरून पाहुणे आले अन तोरण न पायता गेले?"

"लोकांले म्हणाचं ते म्हणू दे."

"अन म्या त्या पोराले शब्द देला त्याचं काय?" दादा केनियावाल्याकडे बोट करून म्हणाला. तो ओसरीत बसून बैलाच्या शिंगांना बेगड लावत होता. आता हात थांबवून ऐकत होता.

"म्याबी शब्द देला हाये. अन दर रविवारी पाळला हाये."

वॉर्डन मध्ये पडले. त्यांच्या पायांचा चिखल वाळून पांढरा झाला होता आणि चेहरा सकाळपेक्षा दहा वर्षांनी लहान दिसत होता. "बाई, राहू या. पंचवीस वर्षांत मी पोळा पाहिला नाही. तुमच्या सुपरिटेंडेंटना मी पत्र देतो. माझी ओळख आहे."

ते मोठे होते, आणि माझ्या दोन खोल्या त्यांच्याच हातात होत्या. मी क्षणभर विचार केला, नाही असं नाही. पत्र दिलं असतं तर कदाचित चाललं असतं. पण कारण मी ऐकणार नाही, असं तो माणूस मला म्हणाला होता आणि मी ऐकू नका म्हटलं होतं. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर माझा रविवार चालायला लागला असता तर त्याच्यात आणि मिठाच्या डब्यात फरक राहिला नसता.

"साहेब," मी म्हटलं, "तुमची आठ मुलं तुमची. तुम्ही थांबा, दादा सगळी सोय करील. माझी सहा मी नेते."

त्यांना बरं वाटलं नसणार.

पाच मुलं उठली. केनियावाला उठला नाही. फिजीच्या मुलाला म्हटलं, त्याला सांग. त्याने सांगितलं. तो काहीतरी म्हणाला.

"काय म्हणते?"

"म्हणते, तुम्ही जा. मी उद्या येतो. जे होईल ते मला होईल."

"त्याले म्हणा, तुले काही होणार नाही. शिक्षा तुले नाही, मले हाये. तू राहिला तर पुढच्या रविवारी कोणीच कुठं जाणार नाही, अन मी पुन्हा सातही दिवस जावेच्या चुलीपुढं बसीन. राहाचं असन तर राहाय. पण हे समजून राहाय."

मी हे फार शांतपणे बोलले. फिजीच्या मुलाने किती शब्द सांगितले माहीत नाही. केनियावाल्याने हातातलं बेगड नीट चिकटवून पूर्ण केलं, बैलाच्या कपाळावर तळहात ठेवला आणि उठला. दादाकडे पाहिलंही नाही. दादाने माझ्याकडे पाहिलं नाही.

स्टेशनापर्यंत तो आमच्यापुढे पन्नास पावलं चालत गेला, एकटाच. वाटेत नाल्यावर आता कोणी नव्हतं. आम्ही अर्ध्या रस्त्यात असताना मागे गावात डफ वाजायला लागले. लंकेच्या मुलांनी मागे वळून पाहिलं. मी चालत राहिले. गाडी वीस मिनिटं उशिरा आली, म्हणजे थोडं थांबता आलं असतं असं फिजीचा म्हणाला. मी म्हटलं, "ते तुले आत्ता माहीत झालं."

साडेआठच्या हजेरीला सहाही हजर होते. सुपरिटेंडेंटनी यादीवर खूण केली, पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाय धुऊन आत जा."

अमरावतीची मंडळी दुसऱ्या दिवशी दादाच्या गाड्यांतून स्टेशनावर आली, असं नंतर कळलं. पोळा त्यांना फार आवडला. पण आठ परदेशी मुलं एक रात्र होस्टेलबाहेर राहिली म्हणून वॉर्डनना वरून विचारणा झाली आणि तिथल्या मुलांना सहलीची बंदी झाली. ते मला दोष देत नव्हते म्हणे. द्यायला हवा होता असंही मला वाटत नाही. पण अमरावती गेली ती गेली. दोन खोल्या घ्यायला मला आणखी चार वर्षं लागली.

पुढच्या रविवारी दारात पाचच जण आले. त्याच्या पुढच्यालाही पाच. केनियावाला खानावळीत जेवायला यायचा, ताट उचलून ठेवायचा, बोलायचा नाही. मीही बोलायला गेले नाही. दादा गाड्या पाठवायचा, पण स्वतः यायचा नाही, सालदार गड्याला पाठवायचा. पाचव्या रविवारी केनियावाला आला. मी यादीत त्याचं नाव आधीच लिहून दिलेलं होतं, दर आठवड्याला देत होते. ते त्याला सुपरिटेंडेंटकडून कळलं होतं की काय, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी पोळा आठवड्याच्या मधल्या वारी आला. तो मुलगा दोन दिवस जेवायला आला नाही. फिजीचा म्हणाला, रजेचा अर्ज देऊन गेलाय, मंजूर झालाय. कुठे ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी तो दुपारच्या पंगतीला येऊन बसला. पायजमा गुडघ्यापर्यंत काळा झालेला. भाजी दोनदा मागून घेतली. आठवड्याने दादाचं कार्ड आलं. वर्षभरातलं पहिलं. "तुह्या केनियावाल्यानं बैल धरला. एकटा चालत आला. गावानं त्याले शेला देला. तू काहून नाई आली?"

मी उत्तर लिहिलं, की मधल्या वारी मला खानावळ सोडता येत नाही, आणि येत्या रविवारी नऊ माणसं आहेत, तीन गाड्या पाठव. या वेळी तिथी पाहून लिहिलं होतं.